एम्बार्गोची मेल आली? घड्याळ नंतर बघा, आधी अटी

गेल्या महिन्यात रात्री पावणेबाराला नाशिकहून भाच्याचा फोन आला. हा मुलगा गेमचे व्हिडिओ करतो, मराठीतून करतो, आणि आता त्याला ओळखणारे चार लोक नाशिकबाहेरही आहेत. "मावशी, रिव्ह्यू कोड आला! गेम यायला अजून नऊ दिवस आहेत आणि माझ्याकडे आत्ता डाउनलोड होतोय!" मग आवाज एक पट्टी खाली आणून, "खाली एम्बार्गो म्हणून बरंच काही लिहिलंय. 'आय ॲग्री' दाबायचंच असतं ना?"

"दाबलंस?"

"...हो."

मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षं काढली. विज्ञानाचं पान, शुक्रवारची सिनेमाची पुरवणी, आणि कोणी रजेवर असलं की उरलेलं सगळं. त्या रात्री भाच्याला फोनवर जे सांगितलं ते उलटसुलट होतं, त्यात मधेच माझी बॅटरी संपली. तेच इथे जरा लावून लिहिते. नव्याने परीक्षणं करायला लागलेल्यांना उपयोगी पडेल, आणि परीक्षण वाचून तिकीट काढणाऱ्यांनाही.

एम्बार्गो म्हणजे काय, ते थोडक्यात. सिनेमा, गेम, पुस्तक किंवा शोधनिबंध तुम्हाला लोकांच्या आधी मिळतो आणि त्या बदल्यात तुम्ही ठरलेल्या मिनिटापर्यंत तोंड बंद ठेवता. बहुतेक वेळा हा शब्दावरचा व्यवहार असतो. गेमवाले मात्र त्याला रीतसर करार जोडतात. तोडलात तर दारात पोलीस येत नाहीत, पण पुढच्या वेळी मेलही येत नाही.

आता मेल उघडा. डोळे आपोआप ठळक अक्षरातल्या तारखेवर जातात. जाऊ द्या, पण तिथे थांबू नका. वेळ पाळणं ही सगळ्यात सोपी अट आहे आणि तिने वाचकाचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते खालच्या बारीक अक्षरांत. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: कोणाशी बोलायला मनाई आहे, तुमच्या हातात नेमकं काय दिलंय, आणि काय दाखवायला बंदी आहे. भाच्याला यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. म्हटलं, आधी ती मेल मला पाठव.

कोणाशी बोलायचं नाही?

हा प्रश्न विज्ञानाच्या बातमीत सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा रेंगाळते.

विज्ञानातला एम्बार्गो मुळात पत्रकाराच्या सोयीचा आहे. 'नेचर'सारखं नियतकालिक पुढच्या अंकातले निबंध नोंदणीकृत पत्रकारांना काही दिवस आधी देतं. त्या दिवसांत तुम्ही निबंध वाचायचा, लिहिणाऱ्याला फोन करायचा, आणि ज्याचा त्या कामाशी संबंध नाही अशा जाणकाराला विचारायचं, "हे खरं वाटतंय का हो?" हा दुसरा फोन म्हणजेच बातमी. बाकी सगळं प्रेसनोटमध्ये असतंच. माझ्या डायरीत असे चार नंबर होते, दोन पाषाण रोडवरच्या संस्थांतले आणि दोन विद्यापीठाच्या आवारातले. त्यातले एक सर दर वेळी म्हणायचे, "बाई, हेडिंगमध्ये 'क्रांतिकारी' नको." तेवढ्या एका वाक्यासाठी एम्बार्गोचे ते चार दिवस वसूल व्हायचे.

आता याची उलटी बाजू. सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रान्समधल्या काँ विद्यापीठाचे जिल-एरिक सेरालिनी यांनी जनुकीय बदल केलेल्या मक्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षं हा मका खाल्लेल्या उंदरांच्या अंगावर लिंबाएवढाल्या गाठी, असे फोटो जगभर गेले. निबंध आधी हवा असलेल्या पत्रकारांना एका गुप्ततेच्या करारावर सही करावी लागली होती, आणि त्यात अट अशी की एम्बार्गो उठेपर्यंत तो दुसऱ्या कुठल्याही शास्त्रज्ञाला दाखवायचा नाही. म्हणजे पहिल्या दिवसाच्या बातमीत दुसरा फोन नाहीच. तो झाला असता तर कोणीही सांगितलं असतं की एका गटात दहाच उंदीर आहेत, आणि ही उंदरांची जात अशी की म्हातारपणी तिला गाठी तशाही होतात. दुसऱ्या दिवसापासून शास्त्रज्ञ हेच ओरडून सांगू लागले, पण तोवर फोटो घराघरांत पोहोचले होते. नियतकालिकाने २०१३ च्या नोव्हेंबरात निबंध मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पुन्हा छापून आला, ती भानगड वेगळी.

सरकारी कचेऱ्यांनाही हे सुचतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ई-सिगारेटच्या नियमांची माहिती मोजक्या पत्रकारांना आधी दिली ती याच बोलीवर, की वेळ होईपर्यंत बाहेरच्या कोणाची प्रतिक्रिया घ्यायची नाही. अशा प्रकाराला तिकडे 'क्लोज-होल्ड' एम्बार्गो म्हणतात. मी त्याला मुसक्या म्हणते.

अशी अट दिसली तर करायचं इतकंच: उलट मेल टाका आणि विचारा, "दोन तज्ज्ञांना, तेही एम्बार्गो पाळतील या अटीवर, निबंध दाखवला तर चालेल का?" चांगल्या नियतकालिकाचं प्रेस ऑफिस बहुधा तासाभरात हो म्हणतं. नाही म्हणालं तर आगाऊ प्रत घेऊ नका. एक दिवस उशिरा लिहा. वाचक एक दिवस थांबू शकतो, आणि तो आपलीच वाट बघत बसलाय हा आपला गोड गैरसमज असतो.

इथेच आणखी एक गोष्ट, कारण नवीन मुलं यावर चिडतात. शास्त्रज्ञाला फोन केला आणि तो म्हणाला, "पेपर येईपर्यंत बोलता येणार नाही," तर तो तुम्हाला टाळत नसतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये नियम केला की आधीच दुसरीकडे गाजवलेलं काम आम्ही छापणार नाही. ती धास्ती कमीजास्त प्रमाणात अजून आहे. परिषदेत मांडलेलं किंवा प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे छापून येण्याआधीच इंटरनेटवर, टाकलेलं काम यातून सहसा सुटतं. म्हणून एम्बार्गोची मेल आली की मी पहिल्यांदा अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या साइटवर त्या निबंधाचं नाव शोधते. खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्रातले निबंध तिथे कधी कधी महिनाभर आधी उघड्यावर पडलेले असतात. उघड्यावर आहे त्याला एम्बार्गो कसला! फक्त मग प्रेसनोटमधलं एक अक्षरही वापरायचं नाही, प्रीप्रिंटवरूनच लिहायचं.

हातात नेमकं काय दिलंय?

भाच्याची मेल आली. वाचली. कोड पीसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायचा होता; टीव्हीला जोडायच्या पीएस फोरसारख्या कन्सोलचा नव्हता.

"तुझे बघणारे कशावर खेळतात?"

"बरेच जण पीएस फोरवर, मावशी. सेकंडहँड घेतात कॉलेज रोडवर."

"मग त्यांना तू काय सांगणार?"

गप्प.

'सायबरपंक २०७७' चं उदाहरण प्रत्येक नव्या गेम परीक्षकाला तोंडपाठ हवं. गेम येणार १० डिसेंबर २०२०ला, परीक्षणांवरचा एम्बार्गो उठला ७ तारखेला. तीन दिवस आधी म्हणजे कंपनीला भलताच आत्मविश्वास, असं कोणालाही वाटेल. पण परीक्षकांना दिली होती ती फक्त पीसीची प्रत. शिवाय स्वतः खेळताना रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला मनाई, कंपनीने पुरवलेलीच वापरायची. परीक्षणं उत्तम आली. ती खोटी नव्हती, ज्यांनी लिहिली त्यांच्या मशीनवर गेम तसाच होता. मग दहा तारखेला लोकांनी पीएस फोर आणि एक्सबॉक्स वनवर तो लावला, आणि माणसांचे चेहरे नीट उमटेनात, गाड्या हवेत तरंगायला लागल्या. आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या स्टोअरमधून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. तारीख-वेळ सगळ्यांनी पाळली, आणि तरी वाचक बुडाला.

दुसरं उदाहरण मला अधिक आवडतं, कारण त्यात कोणाचा डाव नव्हता. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला. सतत इंटरनेटला जोडलेला राहील तरच चालणारा गेम. परीक्षकांनी तो आधी रिकाम्या सर्व्हरवर खेळला. 'पॉलिगॉन' या गेमच्या वेबसाइटने १० पैकी ९.५ गुण दिले. मग खरी गर्दी आली, सर्व्हर झोपले, लोकांना आत शिरताच येईना. पॉलिगॉनने गुण आधी ८ वर आणले, मग ४ वर, आणि पुढे सुधारणा झाल्यावर ६.५ वर. लोक हसले. मला मात्र तो प्रामाणिकपणा वाटला. मंगल कार्यालय रिकामं असताना बघून जेवणाची पंगत कशी होईल ते सांगता येत नाही.

म्हणून व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात, लेखाच्या पहिल्या परिच्छेदात हे बोलून टाकायचं: कोड कंपनीने दिलाय. कुठल्या मशीनवर खेळलो. कुठली आवृत्ती होती, आणि पहिल्या दिवशी येणारा दुरुस्तीचा पॅच त्यात होता की नव्हता. किती तास खेळलो, आणि गेम संपला का. हे सांगायला वीस सेकंद लागतात. भाचा म्हणाला, "त्याने व्ह्यूज पडतात." पडू देत.

तासांचं तर खासच सांगा. चाळीस तासांचा गेम, कोड चार दिवस आधी, आणि एम्बार्गो उठण्याच्या मिनिटाला सगळ्यांचे व्हिडिओ एकदम सुटणार. मग मुलं रात्र-रात्र जागून, बाजूची कामं टाळून, सरळ गोष्टीच्या शेवटाकडे पळत सुटतात. असा पळत खेळलेला गेम आणि घरी येऊन रोज तासभर खेळलेला गेम, हे दोन वेगळे गेम आहेत. वेळ पुरत नसेल तर एम्बार्गोच्या मिनिटाला "आत्तापर्यंत एवढं खेळलो, पूर्ण परीक्षण रविवारी" असा छोटा व्हिडिओ टाकावा. आणखी एक: खरेदीच्या खिडक्या नंतर उघडतात. 'क्रॅश टीम रेसिंग'ची नवी आवृत्ती जून २०१९ मध्ये आली तेव्हा आत पैसे टाकून वस्तू विकत घेण्याची सोय नव्हती. परीक्षणं होऊन गेली आणि ऑगस्टमध्ये ती सोय आली. महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या परीक्षणाखाली दोन ओळी वाढवायची सवय लावून घ्या.

सिनेमाची गंमत

हॉलिवूडमध्ये हल्ली एम्बार्गोचे दोन मजले असतात. प्रीमियर संपल्या संपल्या 'सोशल रिॲक्शन'ला परवानगी, पूर्ण परीक्षणाला काही दिवसांनी. पहिल्या मजल्यावर उद्गारचिन्हं राहतात, दुसऱ्यावर मतं. तुम्ही वाचक असाल तर पहिल्या मजल्यावरचं काहीही बघून तिकीट काढू नका.

आपल्याकडे मराठी सिनेमाच्या प्रेस शोला सही-बिही काही नसते. गुरुवारी संध्याकाळी बोलावतात, मध्यंतरात वडा आणि चहा, आणि शेवटी दारात दिग्दर्शक उभा असतो, तुमच्या चेहऱ्याकडे बघत. त्या दाराची परीक्षा कुठल्याही एम्बार्गोपेक्षा अवघड. एकदा अशाच शोनंतर पीआरचा मुलगा लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मॅडम, चांगलं काही लिहायचं असेल तर आज रात्रीच टाका. बाकीचं शनिवारी टाकलं तर बरं." बिचाऱ्याने अगदी निरागसपणे सांगितलं. मी म्हटलं, "एकच लेख आहे रे, त्यात दोन्ही आहे. आज टाकू की शनिवारी, सांग." लिफ्ट आली.

स्तुतीला आज मोकळीक आणि टीकेला दोन दिवसांची थांबा-थांबा, याला एम्बार्गो म्हणत नाहीत. एम्बार्गो सगळ्यांना आणि सगळ्या मतांना सारखा लागतो. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे समीक्षक डेव्हिड डेन्बी यांनी डिसेंबर २०११ मध्ये 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'चं परीक्षण ठरलेल्या १३ तारखेच्या आठवडाभर आधी छापलं. परीक्षण चांगलं होतं! तरी निर्माते स्कॉट रुडिन भडकले, आणि यापुढे तुम्हाला बोलावणार नाही असं त्यांनी कळवलं. डेन्बींचं म्हणणं होतं की वर्षअखेरीला सगळे मोठे सिनेमे एकदम अंगावर येतात, साप्ताहिकाची पानं पुरत नाहीत. अडचण खरी होती, मीही पुरवणीत ती दर दिवाळीला भोगलेली आहे. पण इथे माझं मत रुडिनच्या बाजूने. अट मान्य करून आत बसायचं आणि मग ती मोडायची, हे नाही.

अट मान्यच केली नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला जगभर एकाच वेळी विक्रीला यायचं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने १९ तारखेलाच परीक्षण छापलं. त्यांनी प्रत प्रकाशकाकडून घेतली नव्हती, न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाने चुकून आधी विकलेली प्रत पैसे देऊन विकत घेतली होती. लेखिका रोलिंगबाई खूप रागावल्या, पण वचन कोणी दिलं होतं?

हा फरक आज आपल्याकडे कोर्टात गेलेला आहे. मार्च २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी सुचवलं की सिनेमा लागल्यापासून ४८ तास व्ह्लॉगर मंडळींनी परीक्षण टाकू नये. त्याच वर्षी तमिळ निर्मात्यांनी पहिले तीन दिवस परीक्षणं नकोत म्हणून मद्रास उच्च न्यायालय गाठलं, आणि डिसेंबरात न्यायालयाने तशी सरसकट मनाई करायला नकार दिला. पैसे घेऊन शिव्या घालणारे आहेत, हे निर्मात्यांचं दुःख खोटं नाही. पण दोनशे रुपयांचं तिकीट काढून पहिला शो बघितलेल्या माणसाने कोणाशीही करार केलेला नसतो. प्रेस शोला गेलात तर थांबा. तिकीट काढलंत तर रिक्षात बसल्या बसल्या लिहा.

उशिरा उठणाऱ्या एम्बार्गोचा अर्थ

वाचकांना एक ठोकताळा माहीत असतो: परीक्षणं उशिरा, म्हणजे माल खराब. तो बऱ्याचदा बरोबर निघतो. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' हा गेम ११ नोव्हेंबर २०१४ ला अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला आणि परीक्षणांवरचा एम्बार्गो उठला दुपारी बाराला. बारा तास लोक आंधळेपणाने विकत घेत होते, आणि आत चेहऱ्याविना नुसते डोळे आणि दात. पण २०१६ मधला 'डूम' बघा. परीक्षकांना आधी प्रतीच मिळाल्या नाहीत, सगळ्यांनी नाकं मुरडली, आणि गेम निघाला झकास. उलट सायबरपंकचा एम्बार्गो तीन दिवस आधी उठला होता. तेव्हा वेळेवरून फार तर संशय घ्यावा. आगाऊ पैसे भरून ठेवायचे नाहीत, एवढं केलं तरी पुष्कळ.

आता घड्याळ

शेवटी का होईना, घड्याळाकडे यावंच लागतं. इथे मीच आपटले आहे.

परदेशातली नियतकालिकं स्वतःच्या गावची वेळ लिहितात. 'नेचर'चे निबंध साधारणपणे बुधवारी लंडनच्या दुपारी ४ वाजता खुले होतात, 'सायन्स'चे गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी २ ला. आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यांचं उन्हाळ्यात तासभर पुढे जातं. म्हणून नेचरची वेळ आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ८:३० आणि हिवाळ्यात ९:३०. सायन्सची उन्हाळ्यात ११:३०, हिवाळ्यात १२:३०, म्हणजे शुक्रवार उजाडलेला. डेस्कवर याचा अर्थ असा की नेचरची बातमी उन्हाळ्यात शहर आवृत्तीत घाई न करता बसायची, आणि सायन्सची हिवाळ्यात पान सोडणाऱ्याच्या मूडवर अवलंबून.

त्यात दोघं घड्याळ एकाच दिवशी फिरवत नाहीत. युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत भलेभले फसतात.

मी मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी लावली होती: 'स. ११ ईस्टर्न = रा. ८:३०'. सहा महिने बिनचूक चालली. नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला, दिवाळीच्या सुट्टीवरून मी परत आले, आणि एका वैद्यकीय नियतकालिकाची बातमी चिठ्ठीप्रमाणे ८:३० ला साइटवर सोडली. खरी वेळ झाली होती ९:३०. पावणेनऊला प्रेस ऑफिसची मेल. अतिशय सभ्य इंग्रजी, आणि वाचता वाचता कान गरम. बातमी लगेच उतरवली, आणि कारणं न देता लिहिलं: चूक माझी, वेळ चुकीची मोजली, इतकी मिनिटं बातमी दिसत होती, आता काढली आहे. ताकीद मिळाली, यादीतून नाव गेलं नाही. चूक लपवली असती तर गेलं असतं, कारण स्क्रीनशॉट त्यांच्याकडे होताच. रॉयटर्ससारख्या वृत्तसंस्थेचीही गय होत नाही. १९८८ मध्ये ॲस्पिरिन आणि हृदयविकारावरच्या, जवळपास बावीस हजार डॉक्टरांवर केलेल्या चाचणीची बातमी त्यांनी वेळेआधी दिली आणि 'न्यू इंग्लंड जर्नल'ने त्यांना सहा महिने आगाऊ प्रती बंद केल्या.

तेव्हापासून चिठ्ठी नाही. दर वेळी त्या दिवशीची, त्या शहराची वेळ बघायची. मेलमध्ये 'ईएसटी' (पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ) लिहिलं असेल आणि महिना जुलै असेल तर विचारून घ्यायचं, कारण उन्हाळ्यात ते 'ईडीटी' असतं आणि लिहिणाऱ्याने सवयीने खरडलेलं असतं. मध्यरात्र असेल तर दुप्पट सावध. भाच्याच्या मेलमध्ये होतं: गुरुवार, १२:०१ एएम, पीटी. त्याने व्हिडिओ लावून ठेवला होता बुधवारी रात्री १२:०१ ला, आपल्या. ही पॅसिफिक, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची उन्हाळी वेळ, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी दुपारी १२:३१. साडेबारा तास आधी सुटला असता पठ्ठ्या.

सगळं बरोबर मोजूनही घड्याळ कधी कधी थट्टा करतं. जून २०२३ ची गोष्ट. खोडदच्या जीएमआरटीच्या, म्हणजे नारायणगावजवळच्या त्या तीस अवाढव्य दुर्बिणींच्या, निरीक्षणांचा वाटा असलेलं संशोधन जाहीर व्हायचं होतं. अतिशय मंद गतीच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन, सगळे गट एकाच क्षणी बोलणार होते. तो क्षण आपल्याकडे २९ जूनच्या पहाटे ५:३० चा. त्या दिवशी आषाढी एकादशी. डेस्कवर सगळे पंढरपूरच्या महापूजेच्या फोटोची वाट बघत बसलेले, पहिलं पान वारकऱ्यांचं, आणि पहाटे साडेपाचला चौकात पेपरवाले गठ्ठे सोडून पुरवण्या घालत असतात. छापलं तर वेळेआधी वाटलं जाणार, नाही छापलं तर आपल्या जिल्ह्यातल्या दुर्बिणीची बातमी जगाच्या मागून. साइटवर ५:३१ ला, छापील पेपरात दुसऱ्या दिवशी, असं ठरलं. रिपोर्टर घरी जाऊन झोपला. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले.

आणि बातमी दुसऱ्याच कोणी फोडली तर? क्लोन करून जन्मलेल्या डॉली मेंढीची बातमी ब्रिटनच्या ऑब्झर्व्हरने २३ फेब्रुवारी १९९७ ला, नेचरच्या अंकाच्या चार दिवस आधी दिली. मंगळावरून आलेल्या दगडात जीवसृष्टीच्या खुणा असल्याचा निबंध १९९६ च्या ऑगस्टमध्ये सायन्समध्ये यायचा होता. तोही आधीच फुटला आणि नासाला ७ तारखेलाच पत्रकार परिषद घ्यावी लागली. अशा वेळी एम्बार्गो बहुधा सगळ्यांसाठी उठवतात. पण उठला असं आपणच ठरवायचं नाही. मेल टाका, फोन करा, "उठलाय का?" एवढं विचारा. उत्तर येईपर्यंत पान तयार करून ठेवा.

भाच्याने वेळ दुरुस्त केली. पीसीचा कोड असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं, आणि पीएस फोरचं नंतर बघू म्हणाला. कंपनीला त्याने माझ्या सांगण्यावरून एक प्रश्न पाठवला होता: स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवली तर चालतील का? पहिल्या तीन तासांची चालतील, असं उत्तर आलं. व्हिडिओ सुटल्यावर पुन्हा फोन.

"मावशी, मी म्हटलंय की गेम मध्यंतरानंतर कंटाळवाणा आहे. पुढच्या वेळी कोड देतील ना?"

"कदाचित नाही देणार."

"मग?"

"मग थांबायचं आणि सेलमध्ये घ्यायचा. कॉलेज रोडवरची तुझी मंडळी तसंच करतात ना?"